फ्लेक्सवर बरा झालेला गुडघा

आबांनी फुटबॉल क्रिकेटच्या पिचवर, चुन्याच्या रेघेवर ठेवला आणि मला म्हणाले, "हाण."

आबा माझे थोरले चुलते. कळंबच्या क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन होतं आणि पाहुणी मी होते. आमच्याकडे फुटबॉल कुणी खेळत नाही. पण पुण्याच्या क्लबकडून खेळणारी पोरगी गावची, मग नारळाऐवजी किकनं उद्घाटन करू, ही आबांची कल्पना. मागं फ्लेक्स लावलेला. त्यावर मी, शेजारी फेटा बांधलेले आबा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मैदानात दमदार पुनरागमन'. मला न विचारता.

"आबा, न्हाय मारायची मला. अजून परवानगी न्हाय."

"चालतीयास. जिना चढतीयास. काल म्हशीमागं पळालीस. आता काय राह्यलं?"

"पळाले न्हाय. चालत गेले."

"मग म्हैस बी चालतच गेली असंल," आबा माइकवरच म्हणाले. मंडप हसला.

कुस्ती-कबड्डीच्या गावाला हे पटवणं अवघड आहे. तिथं माणूस उभा राहिला की बरा झाला. म्हणून सरळ सांगते. मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा एक दोर गुडघ्याच्या आत असतो. त्याला लिगामेंट म्हणतात. माझा तो मॅचमध्ये वळताना तुटला. डॉक्टरांनी मांडीच्या मागून दुसरा दोर काढून तिथं बसवला. बसवला म्हणजे झालं असं नसतं. तो पक्का व्हायला कित्येक महिने जातात, आणि त्यातला बराच काळ गुडघा दुखतच नाही. नेमका तेव्हाच तो कच्चा असतो. या काळातल्या व्यायामाला रिहॅब म्हणतात.

रिहॅब म्हणजे एकटीचं काम. सकाळी एसटीनं बारामतीच्या जिमला जायचं, संध्याकाळी कालव्याच्या कडेनं चालायचं. टीमच्या ग्रुपवर सरावाचे फोटो येतात. मी अंगठा पाठवते. माझ्या अंगठ्याला कुणी उत्तर देत नाही. फिजिओ नेहा मॅडम तेवढ्या व्हिडिओ कॉलवर गुडघा बघतात, माझं तोंड दिसलं तर म्हणतात, "कॅमेरा खाली घे." क्लबमधून दुसरं कुणी ऑपरेशननंतर एकदाही फोन केला नव्हता. करार सीझनपुरता असतो. गुडघा सीझन बघून बरा होत नाही.

तर, किक मी मारली नाही. लोक बघत होते. आबांचा चेहरा उतरला. शेवटी म्हणाले, "मग बॉलवर पाय तरी ठिव. फोटू हुंदे." मी पाय ठेवला. टाळ्या पडल्या. आबांनी फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला.

दुसऱ्या दिवशी कोच सरांचा फोन आला. पहिला फोन.

"बाहेर खेळतेस?"

"नाही सर. बॉलवर फक्त पाय ठेवला होता."

"फ्लेक्सवर वेगळंच लिहिलंय."

"फ्लेक्स आमच्या आबांनी छापलाय."

"फिट आहेस तर उद्या ये. टेस्ट दे."

"सर, टेस्ट पुढच्या महिन्यात ठरलीय. त्या तारखेलाच घ्या ना."

"फोटोत मैदानावर, आणि मला तारखा सांगतेस? नोंदणीची यादी उद्याच जाणार आहे."

सीझनआधी क्लब खेळाडूंची नावं नोंदवतो. यादीत नाव नसेल तर मैदानात उतरता येत नाही. पुढची नोंदणी थेट सीझनच्या मध्यावर.

मी गेले. टेस्ट साधी असते. एका पायावर उभं राहून पुढं उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं, न डगमगता थांबायचं. दोन्ही पायांच्या उड्या जवळपास सारख्या पडल्या पाहिजेत. चांगल्या पायाची छान पडली. ऑपरेशनच्या पायाची आखूड पडली आणि उतरताना गुडघा आत झुकला.

"दुखलं?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग काय अडचण आहे?"

नेहा मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या, "सर, दुखत नाही हीच अडचण आहे. पुढच्या महिन्यात पास झाली असती. आज नाही."

सरांनी दुसऱ्या मुलीचं नाव घातलं. ग्राउंडवर पोरी वॉर्मअप करत होत्या. एकीनं लांबून हात केला. मी बॅग उचलून स्वारगेटला आले.

महिने महिने गुडघ्याची विचारपूस न करणाऱ्या क्लबला एक फ्लेक्स पुरला. खेळाडूचं शरीर खेळाडूला सोडून सगळ्यांच्या मालकीचं असतं. गावाला ते मिरवायला लागतं, क्लबला वापरायला. बरं व्हायला लागणारा वेळ तेवढा तिचा एकटीचा.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं, फ्लेक्स बघून ते तुला लवकर घेतील." खरंच तसं वाटलं होतं त्यांना. आमच्याकडं बाकीची कामं अशीच होतात.

फ्लेक्स त्यांनी काढला, पण टाकला नाही. गोठ्यामागच्या कडब्यावर अंथरलाय आणि कडेनं दगड ठेवलेत. मी रोज त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत एका पायावर उड्या मारते. आता उडी जरा लांब पडते. बघायला म्हशी असतात, आणि कडब्यावर पसरलेली, दमदार पुनरागमन केलेली मी.