जर्मन सरांचं परराष्ट्र खातं

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेतल्या इतिहासाच्या सरांचं जग जर्मनीत सुरू होऊन जर्मनीतच संपायचं. स्वतः ते भुसावळ-सुरत पॅसेंजरच्या पलीकडे गेले नव्हते. तरीही जर्मन साम्राज्याने कोळसा, पोलाद आणि रेल्वेच्या जोरावर इंग्लंडला कसं गाठलं, हे इतक्या तोऱ्यात सांगायचे की जणू पहिला रूळ यांनीच टाकला असावा. आम्ही त्यांना जर्मन सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

इतर शाळांची सहल डुमसच्या समुद्रावर जायची, आमची पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांवर. "हा धूर नाही, प्रगती आहे," असं म्हणून सर रुमाल काढून खोकायचे.

खोट्याची मात्र त्यांना भारी चीड. सन चुकला तरी अर्धा तास उभं करायचे. दहावीच्या चाचणीत त्यांनी विचारलं, 'परराष्ट्र खाते म्हणजे काय?' सुरतेत खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. मी लिहिलं, 'दुसऱ्या राज्यातला लूमचा कारखाना. तिथे खानदेशातली माणसं कामाला जातात.' सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि शून्य दिलं.

दिवाळीनंतर आबांनी, माझ्या वडिलांनी, माझी शाळा थांबवायचं ठरवलं. पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला पोरी हव्या होत्या. मी रडून डोळे सुजवले, आबा ढिम्म. चौथ्या दिवशी सर घरी आले.

आबा शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हीच सांगतस ना, कारखानास्ना जोरवर देश पुढे जास? मग मन्ही पोर कारखानामाच जाई राहिनी."

चहा संपवून सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण जर्मनीत दहावी झाल्याशिवाय पोरीला खात्यात घेतच नाहीत. कायदाच आहे तसा."

आबांच्या खात्यात एक जर्मन मशीन होतं, कधीही न बिघडणारं. जर्मनीचा कायदा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. मी परीक्षेला बसले, पास झाले, आणि मग घरात घड्यांचा विषय निघाला नाही.

सर निवृत्त होऊन अमळनेरला निघाले तेव्हा मी बी.ए.ला होते, इतिहासच घेऊन. स्टेशनवर पाया पडले आणि म्हटलं, "सर, तो कायदा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल," म्हणाले. "आयुष्यात एकदाच खोटं शिकवलंय."