दसऱ्याचा नारळ

सकाळी पुण्याहून जोसेफचा व्हिडिओ आला. आमचा हा मुलगा आता मॅनेजर झालाय. कंपनीच्या दसऱ्याच्या पूजेत त्यानं एका घावात नारळ फोडला, टाळ्या पडल्या, आणि मला एकदम लोटे एमआयडीसीत ह्यांच्या कारखान्यातला तो दसरा आठवला.

तेव्हा आम्हा घरच्यांनाही कंपनीच्या बसनं पूजेला नेलं होतं. मशिनींना झेंडूच्या माळा होत्या, तरी केमिकलचा उग्र वास नाकातून जात नव्हता. आमच्या ह्यांना प्लँट इन्चार्ज करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या साहेबांनी मानानं नारळ ह्यांच्या हाती दिला. ह्यांनी तो क्षणभर धरला आणि हळूच म्हणाले, "साहेब, राग मानू नका. पूजा माझ्या हातून व्हायची नाही. मी ख्रिस्ताचा माणूस."

साहेब हसले, पण नारळ दुसऱ्याच्या हाती गेला आणि पुढं ते पदही. नारळ फुटल्यावर मात्र हेच खाली बसून करवंटीचे तुकडे वेचत राहिले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मी शरमेनं दुसरीकडे पाहिलं.

"एका नारळानं काय बिघडलं असतं?" हे मी ह्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं.

आज मुलानं माझंच म्हणणं खरं केलं. मग मला आनंद का होईना? आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "पोराचं काही कळलं का गं?"

"मजेत आहे," मी म्हटलं आणि मोबाइल पालथा ठेवला.