हट म्हटलं की येणारा

माझ्याकडे येणाऱ्या जनावरांना मी नाव देत नसे. हा माझा नियम होता आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. नाव दिलं की जीव गुंततो, जीव गुंतला की कुत्रा राहतो, आणि सगळेच राहिले तर गोंदियातल्या माझ्या दोन खोल्यांत मी झोपायचं कुठे? म्हणून जो जिथून आला, तीच त्याची ओळख. स्टेशनाकडची मांजर. शाळेमागचा पामेरियन. छतावरचा लॅब्रॉडोर.

हे काम मी दयेपोटी सुरू केलं असं लोक समजतात. समजोत बापडे. खरं म्हणजे नवरा गेल्यानंतर मला काही वाटेनासंच झालं होतं. रडू येत नव्हतं, भूक कळत नव्हती, टीव्ही चालू असे आणि समोर बसून मी भिंत बघत असे. गुरांच्या दवाखान्यातला पट्टीबंधक आमच्या ओळखीचा. त्याने एकदा खरजेनं सोललेली मांजर आणून दिली आणि म्हणाला, दोन दिवस ठेवा मॅडम. औषध लावायला हात लागतात, मन जागेवर नसलं तरी चालतं, हे मला त्या मांजरीमुळे कळलं. लोक हौसेनं पाळतात, हौस फिटते आणि प्राणी उरतो. असा उरलेला प्राणी पट्टीबंधक शोधून आणायचा, मी तो माणसात आणायची आणि मग घर बघून द्यायची. नोकरी पोस्टात झालेली, चुकलेलं पाकीट ठिकाणावर पोचवायची सवय होतीच.

लॅब्रॉडोर शहरातल्या एका तिमजली घराच्या छतावर होता. पाण्याच्या टाकीला बांधलेला, दोन वर्षं. घरची माणसं रायपूरला राहायला गेली होती आणि कामवाली रोज एकदा वर जाऊन पोळ्या टाकत होती. आम्ही गेलो तेव्हा त्याची नखं वाढून पंजात वळली होती, पट्ट्याखालची मान चिघळली होती. जिना उतरणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. पट्टीबंधकानं पुढून आणि मी मागून धरून तिन्ही मजले उतरवला. कामवालीला मी नाव विचारलं.

"नाम तो था कुछ अंग्रेजी," ती म्हणाली. "छोटा था तब बच्चे बुलाते थे। बाद में कौन बुलाता?"

आठ दिवस तो माझ्या न्हाणीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसला. कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवून ठेवायची, तो मी बाहेर गेल्यावर खायचा. बोलावलं तर कान हलत नसे. नवव्या दिवशी मी न्हाणी धुवायला गेले, खराटा त्याला लागू नये म्हणून म्हटलं, "हट." तर तो उठला आणि शेपूट हलवत थेट माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, चुकून आला असेल. मागे सरून पुन्हा म्हटलं, हट. पुन्हा आला. या वेळी शेपटीनं बादली पाडली.

कामवाली बाजारात भेटली तेव्हा उलगडा झाला. ती म्हणाली, "रोटी देने जाते थे तो ऊपर कूदता था, तो हट बोलते थे। और क्या बोलेंगे कुत्ते से?" दोन वर्षांत त्याच्याशी माणूस बोललेला हा एकच शब्द. तो ऐकू आला की पोळी येत होती, माणूस दिसत होता. त्याने तो आपलं नाव म्हणून ठेवून घेतला होता.

हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सोयीचं वाटलं. नाव द्यायचं नव्हतंच मला, आणि हा एका शब्दावर येत होता. चार महिने मी त्याला त्याच शब्दानं हाक मारली. हट, जेव. हट, चल फिरायला. गल्लीत त्याची मजा झाली. शेजारीण म्हणायची, मॅडम, तुमचा उलटा कुत्रा आला बघा. मुद्दाम लोक हाकलायचे आणि हा लाडानं त्यांच्याकडे धावायचा. मीही हसायची. तेवढंच हसू त्या वर्षात माझ्या वाट्याला आलं, हेही खरंच आहे.

पोळ्याच्या सणानंतर त्याच्यासाठी घर मिळालं. नवेगाव बांधच्या पलीकडे एका गावात म्हातारा-म्हातारी, पाच बांध्यांचं धानाचं शेत, आणि त्यांचा आधीचा कुत्रा बिबट्यानं नेलेला. त्याला बरोबर घेऊनच गेले. मी घर बघायला गेले म्हणजे आधी साखळी शोधते. खांबाला कुठे घासल्याची खूण आहे का, अंगणात खुंटी आहे का. इथे काही दिसलं नाही, तरी विचारलं.

"साखळी कायले?" म्हातारी म्हणाली. "चोर हाये का तो?"

"आणि झोपणार कुठे? बिबट्या येतो म्हणता."

"अंदर. कोठीजवळ. म्या बी तेथीच झोपतो."

म्हातारा कुत्र्याच्या मानेवरचा जुना व्रण अंगठ्यानं चाचपून बघत राहिला. तेवढ्यानं माझी खात्री पटली.

निघताना त्या शब्दाचं सांगावं असं मनात आलं होतं. मग मीच हुशारी केली. हट हा आमच्या शहरातला शब्द, गोंदियाच्या हिंदीतला. इकडे झाडीपट्टीत कुत्र्याला हाकलायचं तर हाड म्हणतात. म्हणजे हा शब्द इथे त्याच्या कानावर पडणारच नाही, आपोआप विसरेल, मग कशाला ती रडकहाणी सांगत बसा. म्हटलं, नाव तुम्हीच ठेवा. आणि बसमध्ये बसले. तो गाडीमागे धावला नाही. म्हातारीच्या हातात भाकर होती.

दिवाळी झाल्यावर म्हाताऱ्याचा फोन आला. तो फोनवर ओरडून बोलायचा, त्या दिवशी हळू बोलला. "मॅडम, ट्रॅक्टर उलटा मांगं येऊन राहिला होता, अन् हा त्याच्यापाशीच धावला. जिता हाये. तुमी या."

पट्टीबंधकाला घेऊन गेले. धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनसाठी छत्तीसगडकडून ट्रॅक्टर आला होता, त्याचा ड्रायव्हर खळ्याच्या कडेला उकिडवा बसला होता. कुत्रा धानाच्या तणसावर आडवा, मागच्या डाव्या पायाचा आकार राहिला नव्हता. तो ओरडत नव्हता. मी दिसल्यावर शेपटीचं टोक हललं. ड्रायव्हर उठून माझ्यापाशी आला आणि मी काही विचारायच्या आत सांगू लागला.

"मैं तो हट-हट बोल रहा था, मॅडम। दूर बैठा था वो। जितना बोला, उतना पास आया।"

कापणी-चुरणीच्या दिवसांत गावोगाव बाहेरची यंत्रं येतात आणि त्यांच्याबरोबर हिंदी येते. हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोस्टात बसून मी त्या ड्रायव्हरांच्या किती मनिऑर्डरी फाडल्या असतील. तरी शब्दांच्या हद्दी मी आखल्या, शहराचा इकडे, गावाचा तिकडे, आणि निवांत घरी गेले. त्या माणसाला म्हणायला हवं होतं की तुझी चूक नाही, तू त्याला नावानं हाक मारलीस. मी म्हणाले नाही. म्हाताऱ्या-म्हातारीलाही त्या शब्दाचं सांगितलं नाही. मला आतून काहीच होत नव्हतं, मी फक्त त्याला पोत्यावर घेऊन कुठून उचलायचं ते बघत होते.

नागपूरला पाय काढावा लागला. तिथून मी त्याला माझ्याकडेच आणला आणि न्हाणीच्या कोपऱ्यात गोधडी घातली. तीन पायांचा लॅब्रॉडोर राखणीचा नाही, कामाचा नाही. शहरात कोणी नेणार नव्हतं आणि गावातले परत मागतील अशी आशा धरणं म्हणजे खुळेपणा होता. या वेळी एक मात्र केलं. तो शब्द तोंडातून काढला नाही. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्याच्याशी बोललेच नाही. तोही भिंतीकडे तोंड करून बसला. आमचं दोघांचं बरं जमलं.

टाके निघाल्यावर म्हातारीचा फोन. "मॅडम, कवा आणून राहिल्या त्याले?"

मी म्हटलं, आजी, त्याला एक पाय नाही आता.

"मंग? यायले बी गुडघ्यानं चालता येत नाई. त्यायले काय म्या टाकून देल्लं?" म्हाताऱ्याविषयी ती बोलत होती. मागून म्हातारा काहीतरी पुटपुटलेला ऐकू आला.

पोचवून आले. त्यानंतर महिनाभर गेले नाही. दवाखान्यातून नवीन दोन मांजरी आल्या होत्या, ते निमित्त बरं होतं. संक्रांत उलटल्यावर गेले.

म्हातारी अंगणात वांगी चिरत होती. तो उन्हात पडला होता, अंगावर मांस धरलं होतं, मानेचे केस परत आले होते. तिनं त्याला एका नावानं हाक मारली. ते नाव तिचं आहे, मी इथे लिहीत नाही. तो तीन पायांवर उड्या टाकत तिच्याकडे गेला, तिनं वांग्याचा देठ दिला, तो त्यानं तोंडात धरला आणि टाकून दिला. मग माझ्याकडे आला, हात चाटला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला. ओळख ठेवली होती. मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं आणि ते बरं होतं, म्हणून मी चहा घेत बराच वेळ तशीच बसले.

निघायच्या आधी मला राहवलं नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही. बहुधा तो शब्द त्याला अजून माझा म्हणून आठवतो का, हे बघायचं होतं. वाकून अगदी हळू, लाडानं म्हटलं, "हट."

त्यानं हनुवटी उचलली. शेपूट पोटाखाली घेतली, लंगडत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

म्हातारीनं विळीवरचा हात थांबवला. "काऊन हाकलता जी त्याले?" ती म्हणाली. "बसला होता ना बिचारा तुमच्यापाशी."