अठ्ठ्याण्णव अंश

बारामतीच्या आमच्या कॉलेजात उन्हाळी विज्ञान शिबिर भरतं. प्रयोगशाळेच्या शिपायांना सगळे मामा म्हणतात. धुतलेली प्रत्येक परीक्षानळी ते एक डोळा मिटून खिडकीकडं धरून बघतात, आणि शिबिरातल्या पोरांना ‘सायंटिस्ट’ म्हणतात.

यंदा तिथं शिकवायला मी होतो, आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मुलं पाणी उकळत होती. सगळ्यांनी वहीत शंभर अंश लिहिलं. कळस गावच्या एका मुलीनं मात्र पेन्सिलीनं अठ्ठ्याण्णव लिहिलं.

“चुकलंय. खोड ते,” मी म्हणालो. तिनं खोडरबर उचललं.

“थांबा, सायंटिस्ट!” मामांनी दुसरा थर्मामीटर लावला, मग तिसरा. तिन्हींवर अठ्ठ्याण्णव. “सर, हितं पाणी कायम एवढ्यावरच उकळतंय. का, ते मला ठावं न्हाय. तुमी शिकल्यालं, तुमी सांगा.”

कारण मला पाठ होतं. आपण समुद्रापेक्षा बरेच उंचावर, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं, आणि प्रॅक्टिकलच्या वहीत दर वेळी शंभर.

मी ते कारण मुलांना सांगितलं.

“आसं हाय व्हय!” मामा म्हणाले, आणि एक डोळा मिटून उकळत्या पाण्याकडं बघत राहिले. त्या मुलीनं माझं पेन मागून घेतलं आणि अठ्ठ्याण्णव गिरवलं.