आईचा नवा पत्ता

माझ्या मुलीने आमच्या आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, विकत घेतलं आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर ईमेलचा पत्ता करून दिला. त्यावर पाठवलेले मेल मात्र येतात ज्याच्या-त्याच्या जुन्या फुकटच्या खात्यातच. काल आई फोनवर मावशीला तो पत्ता सांगत होती. आधी स्वतःचं नाव, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करत. चेहरा असा, की जणू दार उघडून पाहुण्यांना आत घेतेय.

मला बाबांच्या नावाची पितळी पाटी आठवली. बदलीची नोकरी, दरवेळी भाड्याचं घर. सामान अजून टेम्पोत, आणि बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी. आई वैतागायची, "अहो, आधी गॅस तरी जोडा!" ते म्हणायचे, "पाटी लागली की घर आपलं."

फोन ठेवून आईने नातीला विचारलं, "हे फुकटचं खातं उद्या बंद झालं तर गं?"

"दुसरं जोडू, आजी. पत्ता तुझा हाच राहील."

आईने स्क्रीनवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "ह्यांच्या पाटीवर माझं नाव कुठं होतं!" असं म्हणून हसली, आणि कुणी विचारलं नसताना तिने आपला पत्ता पुन्हा एकदा मोठ्याने वाचला.