खुंटीवरच्या कमानी

अब्दुल गफ्फार मिस्त्रीच्या हाताला अकोल्यात नाव होतं. ट्रॅक्टरची ट्रॉली असो, कुलरचा सांगाडा असो, नाही तर कुणाच्या बंगल्याचं फाटक, मिस्त्रीनं दिलेला जोड पुन्हा उकलत नसे. पण हाताहून मोठं नाव होतं त्याच्या खुंट्यांचं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर ओळीनं लोखंडी खुंट्या होत्या आणि त्यांवर लोकांनी दुरुस्तीला टाकून न नेलेल्या वस्तू. कुणाचा फवारणीचा पंप, कुणाची कोळपणीच्या डवऱ्याची पास, कुणाची दळणयंत्राची चकती. वर्षं गेली तरी त्या वस्तूला हात लावायचा नाही, हा गफ्फारच्या अब्बांचा नेम. मालक वारल्याचं कळलं तर मिस्त्रीनं वस्तू स्वतः त्याच्या घरी न्यायची, तिथं घोटभर पाणी प्यायचं आणि मजुरीचं नाव न काढता परत यायचं. गफ्फार हे आल्यागेल्याला छाती फुगवून सांगे. छाती जरा जास्तच फुगत होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

दोन हजार सहाच्या आसपासची ती वर्षं. खेड्यांकडून येणारं काम आटलं होतं. पेपरात रोज कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं आणि लोक ते वाचून पान उलटायचे. गफ्फारही उलटायचा. खुंट्या भरत चालल्या होत्या, न्यायला मात्र कुणी फिरकत नव्हतं.

अशात एक दिवस अमरावतीहून किशोर सर आपली गाडी घेऊन आले. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा माणूस, पण डोक्यात गाडीचं खूळ. मोडीतल्या जीपची चासी, त्यावर अँबॅसेडरचं इंजिन, आणि वर स्वतः अंगणात ठोकून बनवलेलं बुटकं, उघडं धूड. ना छत, ना दारं, पुढं लांबलचक नाक. जुन्या काळच्या शर्यतीच्या गाड्या असायच्या तशी. सरांची बायको त्या गाडीला सवत म्हणायची.

"सगळं झालं, मिस्त्री," सर म्हणाले. "समोरची काच बसवाची राहिली फक्त. तिची चौकट अमरावतीत कोणी करून नाई राहिलं."

कोणी करत नाही म्हटल्यावर गफ्फार पेटलाच. त्यानं पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि लोखंडी पट्टीची चौकट केली. सर म्हणाले, "हे तं खिडकीच झाली." मग त्यानं लोखंडी नळी घेतली, आत वाळू ठासली, तापवून वाकवली. तरी कोपऱ्यात नळी चेपलीच. पुन्हा केली, पुन्हा चेपली. चार लोकांदेखत हात हरला, हे गफ्फारच्या जिव्हारी लागलं.

तेव्हा सरांची नजर भिंतीवर गेली. शेवटच्या खुंटीवर दोन पितळी कमानी लटकल्या होत्या. जाड नळीच्या, कुण्या जुन्या कारागिरानं एका दमात वाकवल्यासारख्या. फर्मा लावून पाहिला तर कोपरे जसे मोजून केलेले.

"ह्या कोणाच्या?"

त्या होत्या हिवरखेडच्या नत्थुजींच्या. त्यांच्या दमणीच्या. दमणी म्हणजे लग्नाकार्याला, जत्रेला जायची बैलांची हलकी, देखणी गाडी. तिच्या छताला ह्या कमानी. एकीचा जोड सुटला म्हणून दोन्ही घेऊन नत्थुजी एस.टी.नं आले होते, मांडीवर लेकरू घ्यावं तशा धरून. गफ्फारनं जोड तेव्हाच दिला. नत्थुजी काही परत आले नाहीत. पेरण्या झाल्या, कापूस निघाला, पुन्हा पेरण्या झाल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "हिवरखेडच्या नत्थुजींच्या," गफ्फार बोलून गेला. "वारले ते."

"म्हणजे... तसंच?"

गफ्फारनं मान डोलावली. त्या वर्षांत याहून जास्त कुणी विचारत नसे.

तो काही ठरवून खोटं बोलला नव्हता. इतक्या जिवाची वस्तू टाकून माणूस येत नाही म्हणजे दुसरं काय असणार, असं त्याला खरंच वाटलं होतं. पण मग अब्बांचा नेम होता की! रात्री जेवताना बायकोनं, बिस्मिल्लाबीनं, नेमकं तेच विचारलं, "हिवरखेड जाके आए क्या तुम? अमानत है वो किसी की."

"जाऊंगा ना," तो म्हणाला, आणि गेला नाही. गेलो तर कमानी द्याव्या लागतील, हे त्याला तेव्हाही कळत होतं. कळूनच त्यानं तोंड फिरवलं.

काम मात्र असं झालं की बघत राहावं. कमानी मधोमध कापल्या, काच बसावी म्हणून नळीला आतून लांब चीर पाडली, चारी तुकडे जुळवून गॅसनं जोडले, कानशीनं जोड बेमालूम केले. काच रबरासकट आत सरकली आणि टच्च बसली. गफ्फार फडक्यानं पितळ उजळत होता, सर गाडीभोवती लहान पोरासारखे फिरत होते, रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते.

"राम राम, मिस्त्री."

धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. नत्थुजी उभे होते. वाळले होते, पण धडधाकट.

"कमानी न्याले आलो. शालूचं लग्न जुळलं. बैल तं इकले आमी, पण खुशालरावाची जोडी भेटते एक दिवस. म्हटलं पोरगी दमणीतच वाटे लावू."

गफ्फारच्या हातातलं फडकं थांबलं. सरांनी विचारलं, "काका, तुमी कोण?"

"मी नत्थुजी. हिवरखेडचा."

"काय सांगता! मिस्त्री, तुमी तं म्हणाले का हे वारले!"

जमलेली माणसं गफ्फारकडे पाहू लागली. नत्थुजी मात्र हसले. "बरं झालं. मेल्याची आवई उठली का आयुष्य वाढते म्हणतेत." हसत हसतच त्यांनी भिंतीकडे पाहिलं. शेवटची खुंटी रिकामी होती. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. जवळ गेले, पितळावरून बोट फिरवलं, आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या पोच्यावर बोट थांबलं. हसू तिथंच विझलं.

गफ्फार मेल्याहून मेल्यासारखा झाला. "चुकलो, नत्थुजी. आत्ता काढून देतो."

"कापलेलं काय काढून देता, मिस्त्री?"

"काका, मले खरंच माहीत नोतं," सर कळवळून म्हणाले. "पोरीची वरात माह्या गाडीतून काढू आपण."

"नाई, सर. गाडी झकास आहे तुमची. पण पोरगी दमणीतच जाईन. बांबू बांधू आन् वरून चादर टाकू."

त्यांनी दुपट्ट्यानं पितळावरचा आपल्या बोटाचा ठसा पुसला. मग हळूच म्हणाले, "जोड झाल्याचं मले ठाऊक होतं, मिस्त्री. मुद्दामच नाई आलो. घरी असत्या तं गेल्या सालीच पैशापायी मोडीत गेल्या असत्या. मले माहाच भरोसा नोता. म्हून तुमच्या खुंटीवर राहू देल्या."

गफ्फारला वाटलं, धरणी दुभंगावी. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या डोक्यावर घेतल्या असत्या. चार शब्दांत कुणी इतकं सोलून काढेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

नत्थुजी पायरी उतरले आणि वळले. "पितळाचं जाऊ द्या. पण मिस्त्री, तुमाले खरंच वाटलं का मी तसं करीन?"

नत्थुजी बस गाठायला निघून गेले.

सर चौकटीसह गाडी घेऊन गेले, गफ्फारनंच पाठवली. अमरावतीत त्या काचेचं फार कौतुक झालं, पण ते कुणी सांगायला आलं की गफ्फार उठून आत जाई. लग्नाआधी त्यानं लोखंडाच्या दोन कमानी करून हिवरखेडला नेल्या. कोपरे थोडे चेपलेलेच होते. नत्थुजींनी त्या घेतल्या, त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. जित्या माणसाच्या घरचं ते पाणी गफ्फार उभ्याउभ्याच प्याला.

तेव्हापासून शुक्रवारची नमाज झाली की गफ्फार दुकान बंद करी, खुंटीवरची एखादी वस्तू पिशवीत घाली आणि तिच्या गावाला जाई. अंगणात उभा राहून विचारी, "मालक हायेत का घरी?" आणि आतून खोकल्याचा आवाज येईपर्यंत मान खाली घालून थांबे.

एकदोन घरांतून तो आवाज आला नाही. तिथं तो पाणी प्याला, मजुरीचं नाव त्यानं काढलं नाही, आणि आधीच का आलो नाही हे सांगायची हिंमत न झाल्यानं तसाच परत आला.