शेठची झोप आणि आमची ढेंकी

आमच्या घरचे पोहे पांढरे असत. हे मी सांगायला लागलो की घरातली लहानमोठी सगळी एकमेकांकडे बघून हसतात, म्हणून आता लिहूनच ठेवतो. लिहिलेल्यावर हसायचे तर आधी वाचावे लागते, आणि आमच्या घरात तेवढे कष्ट कोणी घेणार नाही.

पोहे पांढरे होते तेव्हा गोंदियाचा बाजार स्टेशनापासून सुरू होऊन पिंपळाच्या पारापाशी संपायचा. पारापलीकडे आमचे घर, घरापलीकडे एक पळस, आणि पळसापाशी गावाची शीव. पुढे पांगोली नदीपर्यंत धानाची शेते. धंदा पोह्यांचा, वडिलांपासूनचा. धान भिजवायचे, खापरात भाजायचे आणि गरम असतानाच ढेंकीखाली घालायचे. ढेंकी म्हणजे एक लांब लाकूड. एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर बायका पाय देतात. पाय दिला की मुसळ उठते, सोडला की धम्मकन खाली. कोंबडा आरवायच्या आधी आमची बायको आणि माझी विधवा आत्या ढेंकीवर उभ्या राहत. कुटलेले पोहे ओलसर असतात, ते अंगणात चटयांवर वाळत पडत. यात माझे काम काय, तर चटईजवळ बसून कोंबड्या हाकलायच्या आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे. कोंबड्या मला फारशा भीत नसत.

मग गाव वाढू लागले. सौंदडकडून रेल्वेने धानाच्या वाघिणी येऊ लागल्या, स्टेशनाच्या बाजूला बिड्यांचे कारखाने निघाले, लाखेची भट्टी निघाली आणि एका वर्षी पळस तोडून त्या जागी राईस मिल उभी राहिली. मिल आणि आमचे घर यांच्यात एकच भिंत. भिंतीपलीकडे शेठचे राहते घर, त्याच्यामागे मिल, आणि मिलच्या डोक्यावर चिमणी. ती बघायला खेड्यांतून माणसे यायची. मिल सुरू झाली त्या दिवशी मीही नवा सदरा घालून गेलो होतो आणि प्रसादाचे दोन पेढे खाल्ले होते. त्या पेढ्यांचा मला आजही राग येतो.

कारण मिलचा बॉयलर धानाच्या भुशावर चाले. भुसा जळून हलका होतो, चिमणीतून वर जातो, आणि वर गेल्यावर त्याला कुठेतरी उतरावे लागते. तो आमच्या चटयांवर उतरत असे. ओल्या पोह्यांवर एकेक काळा कण असा चिकटायचा की नखाने काढावा तर पोहाच तुटायचा. पहिल्या आठवड्यात तिरोड्याचा एक गाडीवान मूठभर पोहे हातात घेऊन म्हणाला, "का गा भाऊ, आता जिरे टाकून देऊन राहिलास का?"

मी हसलो. मला हसण्याची फार वाईट सवय आहे.

मोठ्या रस्त्यावरचा चिवडेवाला मात्र हसला नाही. आमचे घर त्याच्यावर चाले. त्याच्या कढईला रोज आमचेच पोहे जात. त्याने टोपलीत हात घातला, बोटे बघितली, धोतराला पुसली. "भाऊ, तुझ्या बापापासून घेऊन राहिलो," तो म्हणाला. "पण लोक मले इचारतात, चिवड्यात हे कारे-कारे काय आहे? दिवाळीपर्यंत वाट पाहतो. दिवाळीले पांढरे आले तर तुझे. नाई आले तर रायपूरहून मशीनचे आणतो."

म्हणजे दिवाळीपर्यंत पोहे पांढरे झाले पाहिजेत, नाहीतर चूल बंद.

मी शेठकडे गेलो. शेठ पांढऱ्या गादीवर बसला होता, भोवती चार दलाल. त्याने मला बसवले, पान दिले, माझे सगळे ऐकून घेतले. मग खिडकीकडे बोट करून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाईसाब, चिमनी मेरी है. हवा मेरी नहीं है. हवा से बात करो."

दलाल हसले. आणि मी, पान तोंडात धरून, त्यांच्याबरोबर हसलो. ते हसणे मला दारापर्यंत पुरले, घरी पोचेपर्यंत त्याचा निखारा झाला. त्या दिवसापासून मी या माणसाचे वाटोळे करायचे ठरवले.

ठरवणे सोपे असते. चिमणीवर चढून तिच्या तोंडात पोती कोंबायची, असा एक बेत होता, पण मी आमच्या आंब्यावरसुद्धा दुसऱ्या फांदीच्या वर गेलेलो नाही. एक बेत मिलचा भोंगा चोरायचा होता. शेवटी मी एवढेच केले की रोज अंगणातली राख झाडून घासलेटच्या पिप्यात भरू लागलो. बायको बघत होती.

"राख कायले जमवून राहिले?"

"सूड घ्यायले."

"मंग थोडी भांड्याईले ठेवा," ती म्हणाली.

पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नारबोद निघते. नागपूरकडे तिला मारबत म्हणतात. कामट्या, गवत आणि चिंध्यांची एक भली मोठी बाई करायची, खांद्यावर घेऊन सगळ्या मोहल्ल्यातून फिरवायची, आणि जी काही पीडा असेल ती तिच्या पदरात घालून शिवेबाहेर जाळून यायची. खोकला घेऊन जा गे नारबोद, ढेकूण घेऊन जा गे नारबोद. रिवाज असा की वाटेत ज्याला जे नकोसे झाले असेल ते तो आपल्या दारातून ओरडतो, आणि नेणाऱ्यांनी ते उचलून तीनदा ओरडायचे. नाही म्हणता येत नाही. सासूचे नाव घेतले तरी ओरडावे लागते.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्याची नारबोद मी माझ्या अंगणात केली. तिला पोट काढले. पोटात पिपाभर राख भरली. डोक्यावर शेठसारखी पगडी बांधली. नारबोद बाई असते हे मला आत्याने दोनदा सांगितले, तेव्हा मी तिला पगडीखाली कुंकू लावले. कोणाला कळणार नाही असे मला वाटत होते. खांदा द्यायला आलेला मिलचा हमाल, जो आमच्या शेजारीच राहायचा, तिला बघून म्हणाला, "शेठ बरा दिसून राहिला गा. थोडा रोडावला."

वाजतगाजत आम्ही मिलसमोर आलो. शीव आता मिलच्या पुढे गेली होती. म्युनिसिपल कमेटीने तिथे नवा दगड रोवला होता, त्यामुळे मिलवरूनच जावे लागे, आणि तेच मला हवे होते. बरोबर शेठच्या गॅलरीखाली मी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि कित्येक दिवसांपासून पाठ केलेले ओरडलो, "कारी राख, जळका भुसा, चिमनीचा धूर घेऊन जा गे नारबोद!"

मोहल्ल्याने तीनदा उचलले. मिलचे हमाल सगळ्यांत मोठ्याने ओरडले. पोरे नाचली. असे सुख मला लग्नातही झाले नव्हते.

शेठ गॅलरीत आला. हातात दातून, खांद्यावर पंचा. त्याने पगडी बघितली, पोट बघितले, मला बघितले. दातून काढून शांतपणे थुंकला. मग कठड्याला पोट टेकवून त्याने आवाज काढला, आणि गादीवरचा तो मऊ आवाज नव्हताच.

"ढेंकी का धमधम ले जा री नारबोद! मुर्गे के पहले की कूट ले जा री नारबोद! कान फूट गए, ले जा री नारबोद!"

 मग हमाल माझ्याकडे बघून म्हणाला, "रिवाज आहे गा भाऊ," आणि सुरू झाला. ढेंकीचा धमधम घेऊन जा गे नारबोद. त्याला असा काही ताल होता की राख सगळे विसरले. शिवेच्या दगडापर्यंत मोहल्ला तेच ओरडत गेला, धमधमवर पाय आपटत. मी पुढचा खांदा दिलेला, मलाही तोंड हलवावे लागले. मागे वळून बघितले तर बायकांच्या घोळक्यात आमची बायकोही ठेक्यात हात वर करून ओरडत होती. आपण काय ओरडून राहिलो ते तिला बिचारीला जाळ लागल्यावर कळले.

घरी आल्यावर ती पाट घेऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"दुसऱ्याची पीडा काढाले गेले," ती म्हणाली, "अन् आपलीच ढेंकी जाळून आले. आता ह्या ढेंकीले बरकत राहील का?"

आत्याने ढेंकीला हळदकुंकू वाहिले आणि माझ्या ताटात त्या दिवशी भाजी वाढली नाही.

मी ओसरीत पडून राहिलो. गावभर माझी फजिती झाली होती. पण पडल्या पडल्या शेठचे तेच शब्द पुन्हा पुन्हा कानात येत होते. कान फूट गए. म्हणजे रोज पहाटे, आमच्या मुसळाच्या प्रत्येक पडण्याबरोबर, भिंतीपलीकडे एक माणूस मऊ गादीवर डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. आणि हे त्याने आपण होऊन, सगळ्या मोहल्ल्यासमोर, मला सांगितले होते. मी उठून बसलो. इतका आनंद मला झाला की बायकोला वाटले मला वारे लागले.

दुसऱ्याच दिवशी हमालाला बोलावून मी ढेंकी उखडली आणि मधल्या भिंतीला लागून रोवली. मुसळ पडे ती उखळी अशी बसवली की भिंतीचा पाया हादरला पाहिजे. आत्याच्या माहेरची जुनी ढेंकी पडून होती, तीही आणून शेजारी बसवली. भाजायला धान नसेल तेव्हा नुसता भुसा कुटायचा, असे मी बायकांना सांगितले.

"भुसा कायले कुटाचा?" बायकोने विचारले. तिला कळल्यावर तिने पदर खोचला आणि पहिला पाय स्वतः दिला. तिच्या पायात एवढा जोर आहे हे मला लग्नाला इतकी वर्षे होऊनही माहीत नव्हते, आणि माहीत झाल्यापासून मी घरात जपून वागतो.

शेठ आला तो नवरात्राच्या आत. स्वतः, पायी, आमच्या दारात. डोळे असे लाल की जणू त्याच्याच चिमणीखाली बसला होता. मी त्याला खाटेवर बसवले, पान दिले, सगळे ऐकून घेतले. ढेंकी जुन्या जागी न्या, एवढेच त्याचे म्हणणे. मी भिंतीकडे बोट केले आणि माझ्याने होईल तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "शेठजी, ढेंकी मेरी है. हवा मेरी नहीं है."

या वेळी हसायला दलाल नव्हते. ढेंकीवरून बायको आणि आत्या हसल्या, आणि ते पुरेसे होते.

शेठ मूर्ख नव्हता. आठ दिवसांत चिमणीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसली. मी अंगणात पांढरे धोतर पसरून बघितले, दिवसभर त्यावर दोनतीन कणांपलीकडे काही पडले नाही. दिवाळीला चिवडेवाल्याने टोपलीत हात घातला, बोटे बघितली आणि पुसली नाहीत. मी ढेंकी भिंतीपासून दूर नेली. एकच नेली. दुसरी तिथेच ठेवली, शेठला आठवण राहावी म्हणून, आणि सणासुदीला ती पहाटे थोडी वाजवत होतो. बायको म्हणाली, "आता काऊन? झाले ना तुमचे पांढरे." मी म्हणालो, त्या हसण्याचे अजून बाकी आहे.

तिथेच माझे चुकले का, ते ठरवणारा मी कोण. पुढच्या वर्षी शेठने नदीच्या वाटेवर, शेतांच्या मधोमध, बाग लावून बंगला बांधला आणि आमच्या शेजारचे घर रिकामे करून त्यात पोती ठेवली. मोठी माणसे एकेक करून तिकडेच गेली. बाजारात दुकाने राहिली, मिली राहिल्या, आणि आम्ही. मी दोन दिवस ढेंकी भिंतीला वाजवून बघितली. पोती झोपत नाहीत.

पावसाळ्यात जाळी जळून तुटली. मॅनेजरला सांगितले, तो म्हणाला शेठला सांगा. शेठ नदीकाठी गाढ झोपलेला. ज्याची झोप मोडत होती त्याने जाळी बसवली होती. आता कोणाची मोडत नव्हती, फक्त आमच्या चटयांवर पुन्हा जिरे पडू लागले. पुढच्या दिवाळीला चिवडेवाल्याने रायपूरचे आणले. माझ्या तोंडाकडे न बघता त्याने टोपली परत केली, आणि मी त्याच्याशीही गोड हसलो. तेव्हापासून आमचे पोहे छपरीत, सावलीत वाळतात आणि पिवळट होतात. खेड्यातले घेतात. दोन ढेंक्यांतली एक विकली.

पिपा मात्र मी भरतच राहिलो.

यंदा कमेटीने हद्द वाढवली. गाव फुगून नदीपर्यंत गेले होतेच, आता कागदावरही गेले. शिवेचा दगड मिलपुढून उपटून नदीच्या वाटेवर रोवला, आणि तो रोवला नेमका शेठच्या बंगल्याच्या फाटकासमोर. हे मी केले नाही. मी असे काही करू शकलो असतो तर पहिले पेढेच खाल्ले नसते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नारबोद घेऊन निघालो. पोट मोठे होते. वाट लांबली म्हणून हमाल कुरकुरत होता. "एवढा फेरा कायले गा?"

"शिवेबाहेर जाळाची तर शिवेवर जा लागते," मी म्हणालो. "रिवाज आहे."

दगडापाशी उतरवली तेव्हा शेठ गॅलरीत आला. केस पांढरे झाले होते, दातून तेच. "भाईसाब," तो म्हणाला, "यहाँ क्यों?"

"शेठजी, शीव इकडे सरकली."

मी काडी ओढणार तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, आमच्या बायकोचा आवाज आला. या वेळी तिला काय ओरडायचे ते पूर्ण माहीत होते.

"शेठची झोप घेऊन जा गे नारबोद!"

हमालाने माझ्याकडे बघितले. मग सगळ्या मोहल्ल्याने तीनदा उचलले, आणि मी जाळ लावला. पोट फुटले तेव्हा राख वर गेली. वर गेल्यावर तिला कुठेतरी उतरावे लागते.